रविवारचं गार ताक

आईच्या ताकाला आमच्या घरात कोणी नावं ठेवत नाही. भाजीला ठेवतात, आमटीला तर बाबा रोज ठेवतात, पण ताक हा विषय बंद. आलं, हिंग, जिरं, सैंधव, वरून कोथिंबीर आणि घुसळायचं ते रवीनेच. मिक्सरमध्ये ताक दचकतं, असं तिचं म्हणणं आहे. लग्न होऊन कोकणातून डोंबिवलीत आली तेव्हा जे काय सोबत आणलं होतं, त्यातली ती रवी अजून आहे. बाकीच्या वस्तू कुठे गेल्या, तिलाही आठवत नाही.

त्यामुळे एका सोमवारी संध्याकाळी, आमच्या जवळच्या बॅडमिंटन हॉलमध्ये, एका काकूंनी बाटलीतला घोट घेतला, टॉवेलने तोंड पुसलं आणि मला विचारलं, "अगं, हे ताक आहे की कढीची तयारी?" तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, बरं झालं, आई इथे नाही.

आता हॉलमध्ये आईचं ताक कसं, ते सांगते.

मी ठाण्याला एका रंगांच्या कंपनीत क्वालिटीला आहे. आमच्या शेजारचं एक ऑफिस बंद झालं आणि त्यांच्या कॅन्टीनमधलं थंड पेयांचं व्हेंडिंग मशीन विकायला निघालं. काचेचं दार, आत तारेच्या स्प्रिंगांमध्ये रांगेने उभ्या बाटल्या, मोबाइलवरून पैसे दिले की स्प्रिंग फिरते आणि बाटली धप्पकन खाली. ते बघायला म्हणून गेलेले, आणि बघता बघता मला त्या रांगांमध्ये आईचं ताक दिसायला लागलं. ताक, कोकम सरबत, उन्हाळ्यात पन्हं.

आईला आयुष्यभर एक दुकान हवं होतं. तसं ती कधी बोलली नाही. पण शीळफाट्याकडे जाताना रस्त्यात एखादी बंद टपरी दिसली की तिची मान वळायची आणि "ही जागा मोक्याची होती" एवढं वाक्य यायचं. बाबा मोहन्याच्या जुन्या कारखान्यात पॅकिंगला होते. त्या पगारात आईचं दुकान किंवा माझं कॉलेज, दोन्हीतलं एकच बसत होतं. कॉलेज बसलं. मी फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले. आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांतली पहिली ग्रॅज्युएट. हे मी लाजत सांगत नाही. आई तर त्याहून लाजत नाही. माझं पदवीचं सर्टिफिकेट तिने लॅमिनेट केलं, मग फ्रेम केलं, मग फ्रेमवर धूळ बसते म्हणून फ्रेमला पारदर्शक पिशवी घातली. पाहुणे आले की पिशवी काढायची, गेले की पुन्हा घालायची.

तर मी ते मशीन घेतलं आणि हॉलच्या सेक्रेटरी काकांना जाऊन भेटले. काका निवृत्त, कपडे इस्त्रीचे आणि भाषाही इस्त्रीची.

"हरकत नाही," ते म्हणाले. "आपण एक महिना पाहू. पेय स्वच्छ असावं, आणि मुख्य म्हणजे थंड असावं. तसं न झाल्यास एका कंपनीचा फ्रिज यायला तयारच आहे. तोही विनामूल्य."

म्हणजे एक महिना. तेवढ्यात ताक गार निघालं तर आईचं दुकान राहणार, नाहीतर त्या जागी रंगीत पाण्याचा फ्रिज येणार.

मशीन टेम्पोतून उतरलं तेव्हा आईने त्याला हळदकुंकू वाहिलं, काचेवर छोटं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला. मग जरा मागे सरून, एखाद्या जावयाला न्याहाळावं तसं न्याहाळलं.

"याला कव्हर?"

"कव्हर कशाला? काचेतून बाटल्या दिसायला नकोत का गिऱ्हाइकाला?"

"हं," आई म्हणाली.

आईचं "हं" म्हणजे काही होकार नसतो. हे मला माहीत आहे. पण त्या दिवशी मी मशीनच्या गडबडीत होते.

कामं वाटून घेतली. हॉल सकाळी उघडतो, दुपारी बंद होतो, चारला पुन्हा उघडतो. रविवारी मात्र दिवसभर चालू. एरवी आई-बाबा दुपारी हॉल बंद व्हायच्या सुमारास स्कूटरवरून जायचे आणि संध्याकाळसाठी बाटल्या भरून यायचे. वॉचमन ओळखीचा, तो दार लावायला थांबायचा. माझी नोकरी, म्हणून मी संध्याकाळी परतताना फक्त डोकावून जायचे. रविवारी भरायचं काम माझं, सकाळीच. आणि बाबांचं आपलं नेहमीचं, दुपारचा चहा झाला की "जरा कट्ट्यावर जाऊन येतो."

पहिल्या सोमवारी कढी झाली. मंगळवारीही ताक कोमट आणि आंबूस. बाटली हातात घेतली की कळत होतं, खेळून आलेल्या माणसाच्या तळव्याइतकीच गरम.

घरी मी एवढंच म्हटलं की मशीन नीट गार करत नाहीये. ताकाचं काही बोलले नाही. बाबांना बाजूला घेऊन सांगून ठेवलं, "आईला ताक आंबट लागतं हे अजिबात कळू देऊ नका."

"मी कशाला बोलतोय," बाबा म्हणाले. "पण तुला सांगतो, व्होल्टेज असणार."

बाबांच्या मते जगातल्या सगळ्या बिघाडांची कारणं दोन. व्होल्टेज, आणि धाक नसणं. दुसऱ्यावरचा उपाय म्हणजे मशीनला बाजूने एक सणसणीत थाप. आमचा जुना टीव्ही त्यांनी थापा मारूनच वर्षानुवर्षं चालवला आणि शेवटी थाप मारूनच संपवला.

मी मात्र शिकलेली. मी पद्धतशीर जायचं ठरवलं. येत्या रविवारी सकाळी बाटल्या भरल्या आणि मशीनचा थर्मोस्टॅट, म्हणजे आत किती गार ठेवायचं ते ठरवणारं बटण, तपासलं. मागच्या मालकांनी बहुतेक वीज वाचवायला ते कमीवर ठेवलेलं. मी वाढवलं. दुपारी बाटली काढली तर अशी गार की काचेवर दव. मी घरी येऊन जेवताना सगळ्यांना थर्मोस्टॅट समजावून सांगितला. आईने कौतुकाने ऐकलं. एक भाकरी जास्त वाढली.

सोमवारी संध्याकाळी काकू म्हणाल्या, "आज त्यात भजी सोडली असती तरी चाललं असतं."

पुढच्या रविवारी दाराचं रबर. फ्रिजच्या दाराला कडेने जे रबर असतं ते सैल पडलं तर गार हवा बाहेर निसटते. तपासायचं सोपं असतं, दारात एक नोट धरायची, दार लावायचं आणि नोट ओढायची. अडली तर रबर ठीक, सरकन आली तर गेलं. माझी नोट एका कोपऱ्यात सरकन आली. मला इतका आनंद झाला! नवीन रबर बसवलं. दुपारी ताक गार, संध्याकाळी ताक गार. काकूंनी सुद्धा बाटली गालाला लावून "आहाहा" केलं. घरी मी रबराचं महत्त्व सांगितलं.

सोमवारी पुन्हा कोमट.

"तुझं मशीन रविवार पाळतं काय गं?" काकू म्हणाल्या. "सोमवार ते शनिवार उपास, रविवारी पारणं?"

मग बाटल्यांची मांडणी. आतली गार हवा मागून येते, तिच्या तोंडाशी बाटल्या दाटीवाटीने ठेवल्या तर ती पुढे पोचत नाही. मी मागची रांग विरळ केली. आईला घरी दाखवून दिलं की भरताना जागा सोडायची. ती म्हणाली, "सोडते की. मला काय, लोकलमध्ये तिघींच्या बाकावर चौथी सीट मागायची सवय नाही." मग मशीन भिंतीपासून पुढे ओढलं. मग खालची जाळी काढून आतली धूळ साफ केली. डोंबिवलीची धूळ साधी नसते, तिला एमआयडीसीचा वास असतो आणि ती चिकटते. मशीन गार हवा करतं म्हणजे आतली उष्णता उचलून बाहेर टाकतं. ती जिथून बाहेर पडते त्या नळ्यांच्या जाळीला कंडेन्सर म्हणतात. त्यावर धुळीची साय धरलेली. ब्रशने, मग बायकोचा व्हॅक्यूम क्लीनर मागून आणणाऱ्या एका सहकाऱ्याच्या कृपेने, ती जाळी मी लख्ख केली. त्या रात्री जेवताना मी कंडेन्सरवर जे काय बोलले ते संपेपर्यंत बाबांचा ताक-भात कोरडा पडला.

आणि सोमवारी? सोमवारी जे व्हायचं तेच.

या सगळ्यात आईला मशीन गार करत नाही एवढंच मी सांगत होते आणि ती "हं" म्हणत होती. मला वाटत होतं तिला ताकाचं काही कळलेलं नाही. पण डोंबिवलीत एखादी गोष्ट एका हॉलमध्ये बोलली गेली की ती भाजीवाल्याकडून घरी येते. एका संध्याकाळी मी परतले तर आई ओट्याशी उभी. समोर तीन वाट्या. एकीत कालचं, एकीत सकाळचं, एकीत आत्ता घुसळलेलं. चमचा चमचा घेत होती.

"अहो, आंबट आहे का हो?" तिने बाबांना विचारलं.

"नाही."

"नीट घ्या. असं पेपर वाचत नका घेऊ."

बाबांनी पेपर ठेवला, घोट घेतला. "नाही गं. छान आहे."

"तुम्ही काय, तुम्ही खरं थोडीच सांगणार."

आणि दुसऱ्या दिवशीपासून तिने विरजण कमी घातलं. दही लागेना धड. ताक गुळमुळीत झालं, दुधात पाणी घातल्यासारखं. हिंगही कमी, आलंही कमी. अख्ख्या आयुष्यात ज्या एका गोष्टीत तिचा हात कचरला नव्हता तिथे तो कचरायला लागला. मशीन गेलं असतं तर दुकान गेलं असतं, ते एक. पण त्या वाट्या बघून मला वाटलं, हे मशीन जाताना आईचं ताकच घेऊन जाणार. सेक्रेटरी काकांचा महिना तर संपतच आलेला. "शनिवारी आपण निर्णय घेऊ," असं त्यांनी फार सौजन्याने मला सांगितलं होतं.

शेवटचा उपाय म्हणून मी फ्रिजचा मेकॅनिक बोलावला. मला सुट्टी रविवारी, म्हणून तोही रविवारी आला. त्याने दार उघडून हात आत घातला, बाटली दाबून पाहिली आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याची चेष्टा करायला बोलावलंय.

"मॅडम, गार तर आहे."

"आज आहे. उद्या नसेल."

"गॅस गेला असेल मग. भरून देतो."

"गॅस गेला असता तर आज गार झालं असतं का?"

"गॅसचं काय सांगता येत नाही मॅडम."

"अहो, गॅसला वार कळत नाही!"

तो डोकं खाजवत गेला. पण माझ्या तोंडून निघालेलं ते वाक्य माझ्याच डोक्यात राहिलं. गॅसला वार कळत नाही. रबराला कळत नाही, थर्मोस्टॅटला कळत नाही, धुळीलाही कळत नाही. मी जे जे दुरुस्त केलं त्यातल्या कशालाच आज रविवार आहे हे माहीत नाही. मग वार कोणाला कळतो? माणसांना. म्हणजे सोमवार ते शनिवार असं काहीतरी माणूस करतोय जे रविवारी करत नाही. आणि मी संध्याकाळी जाते, म्हणजे ते माझ्या आधी, दुपारी होतंय. हॉल बंद असताना.

मला वॉचमनचा संशय आला. दुपारी मोबाइल चार्ज करायला मशीनचा प्लग काढत असणार. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला मला नेहमी चांगले मार्क होते. मी मनातल्या मनात निष्कर्ष लिहूनसुद्धा टाकला.

बुधवारी अर्धी रजा टाकली. घरी काही सांगितलं नाही. साडेतीनच्या सुमारास हॉलशी पोचले. दार बंद, वॉचमन खुर्चीत पाय वर करून पेंगत होता. मोबाइल त्याच्या छातीवर, बिनचार्जरचा. मी काचेच्या दाराला कपाळ टेकवून, दोन्ही हातांचा आडोसा करून आत पाहिलं.

आमचं मशीन गोधडी पांघरून उभं होतं.

आधी मला ते ओळखूच येईना. वाटलं, मशीन गेलं आणि तिथे कोणी गाद्या रचून ठेवल्यात. मग खालून झालर दिसली, आमच्या घरच्या जुन्या पडद्याची, मोठ्या जांभळ्या फुलांची. वरून जमिनीपर्यंत पूर्ण झाकलेलं. पुढून, मागून, बाजूने. बाजूला नाड्या. आणि एका बाजूला, देवाशपथ, खिसा होता.

मी तशीच उभी असताना मागून ओळखीची स्कूटर आली. बाबा उतरले, मला पाहिलं, आणि हेल्मेट काढायचं विसरले.

"तू इथे?"

"तुम्ही इथे?"

"मी कट्ट्यावर चाललेलो."

"कट्टा आत आहे का?"

बाबांनी हेल्मेट काढलं. ते असं काढलं की जणू त्यात उत्तर सापडेल. मग वॉचमनला हाक मारली. दार उघडलं. आम्ही आत गेलो आणि बाबा मुकाट्याने कामाला लागले. रोजचा हात होता, दिसत होतं. एकेक नाडी सोडत, तान्ह्या बाळाचे कपडे बदलावेत तसं त्यांनी वरचं कव्हर उतरवलं. त्याच्या खाली गोधडी. तिच्या खाली आणखी एक गोधडी.

मी खालच्या जाळीला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. मशीन बंद पडलेलं. म्हणजे दिवा चालू, पण जो कॉम्प्रेसर गार करायचं काम करतो, तो तापून स्वतःच झोपलेला. तसं ते बिचारं शहाणं असतं, फार तापलं की जळायच्या आत काम थांबवतं.

"कधीपासून चाललंय हे?"

"पहिल्या दिवसापासून हे पडद्याचं होतं," बाबा घडी घालत म्हणाले. "दुपारचं ऊन असतं ना पश्चिमेच्या खिडकीतून. मग तू म्हणालीस गार होत नाही, तर तिने आतून एक गोधडी लावली. मग तू ते रबर बदललंस, तरी होईना, तर ही दुसरी लावली. तिसरी शिवायला घेतलीय."

"आणि तुम्ही मला सांगितलं नाही?"

"ती म्हणाली, पोरीला सांगू नका. तिला वाटेल, शिकलेल्या माणसाच्या कामात आई लुडबुड करते. तू म्हणालीस, आईला ताकाचं सांगू नका. मी दोघींचं ऐकलं." मग घडी बगलेत मारून, "मला त्याच घरात राहायचंय."

म्हणजे असं चाललेलं. रविवारी मी मशीन बरं करत होते. मशीन बरं होत नाही म्हणून सोमवारी आई त्याला आणखी पांघरूण घालत होती. ते आणखी बिघडत होतं म्हणून रविवारी मी आणखी पुस्तकं वाचत होते. दोघीही जीव तोडून एकमेकींना मदत करत होतो आणि मधल्या मध्ये ताक आंबत होतं.

मी गोधडी हातात घेतली. बारीक, सरळ टाके, एकही चुकलेला नाही. बाबांचे कारखान्याचे खाकी शर्ट होते तिच्यात, माझा शाळेचा निळा पिनाफोर होता आणि कॉलेजला शेवटच्या वर्षी मी जो एकच बरा कुर्ता सारखा घालायचे, तोही होता. एवढं सगळं तिने मशीनला पांघरलेलं. आता हे तिला सांगायचं कसं?

मी सरळ बोलणारी आहे. आडवळणाने सांगायला गेले की जास्त बिघडतं, हा अनुभव. घरी गेले, आईसमोर गोधडी ठेवली आणि म्हटलं, "आई, याच्यामुळे मशीन तापतंय."

आईने आधी बाबांकडे पाहिलं. बाबांनी पंख्याकडे.

"याच्यामुळे कसं तापेल?" आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, हे जास्त वाईट. "बर्फवाला बर्फ कशात ठेवतो? गोणपाटात ना? आमच्या गावी लग्नाला बर्फ यायचा तो भुशात पुरून यायचा. उघडा ठेवला की पाणी. गारवा आत राहायला झाकावंच लागतं."

आणि तिचं म्हणणं चूक नव्हतं. बर्फाच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबर आहे. हेच मी कॉलेजात सूत्रं लिहून शिकले.

"बर्फ नुसता बसून असतो, आई. हे मशीन काम करतं. खालून वारा घेतं, आतली उष्णता उचलतं, मागून बाहेर टाकतं. तू भर दुपारी दोन गोधड्या पांघरून भाकऱ्या थापशील का?"

आईने गोधडीची जाडी चिमटीत धरून पाहिली.

"म्हणजे जीव गुदमरत होता त्याचा."

"हो."

"आणि एवढं सोपं होतं, तर दर रविवारी कंडेन्सर कंडेन्सर काय लावलेलंस?"

बाबांना ठसका लागला. मी पाणी दिलं. आई मात्र हसली नाही. गोधडीच्या काठावरून बोट फिरवत होती. मग तिने जे विचारलं त्यासाठीच ती इतके दिवस थांबलेली असावी.

"म्हणजे ताक आंबट नव्हतं?"

"ताक आंबट नव्हतंच गं. तू करून दिलंस तेव्हा गोडच होतं. मशीनमध्ये उन्हाळा लागत होता त्याला."

"नक्की?"

"आई, फिजिक्स आहे. यात खोटं बोलता येत नाही."

तेव्हा ती खाली बसली. पदराने कपाळ पुसलं. आणि मग एकदम ताठ होऊन म्हणाली, "मग त्या काकूंना कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी तिने पूर्वीसारखं विरजण लावलं. हिंगाचा हात सुटा झाला, ते मला खोलीतूनही कळलं. दुपारी बाटल्या भरून आली ती मशीन उघडंच ठेवून. बाबा म्हणाले, स्कूटरवर बसल्यावरही दोनदा मागे वळून बघत होती, पोराला बालवाडीत सोडून आल्यासारखी. मी पश्चिमेच्या खिडकीला तोच जांभळा पडदा लावून टाकला. ऊन अडवायचं तर ते खिडकीशी अडवायचं, हे मात्र आईचं बरोबर होतं. फक्त पडद्याला त्याच्या जागी पाठवलं.

शनिवारी संध्याकाळी आई पहिल्यांदाच त्या वेळेला हॉलमध्ये आली. चांगली साडी नेसून. मशीनच्या शेजारी उभी राहिली, दुकानदार गल्ल्याशी उभा राहतो तशी. मशीनच्या डोक्यावर एक छोटी झालरीची टोपी होती, फक्त वरच्या पत्र्यापुरती. ती माझ्याकडून तपासून, चारही बाजूंनी वारा खेळतो हे दाखवून, मंजूर करून घेतलेली.

सेक्रेटरी काकांनी रीतसर मोबाइलवरून पैसे दिले. स्प्रिंग फिरली. धप्प. त्यांनी बाटली आधी तळहातावर तोलली, मग मनगटाला लावली, मग घोट घेतला. आई त्यांच्या कंठाकडे बघत होती.

"उत्तम थंड आहे," ते म्हणाले. "आणि चव फारच सुरेख. मीठ किंचित कमी वाटतं."

"ते तुमच्या वयाच्या मानाने घातलंय," आई म्हणाली.

काकांच्या इस्त्रीला चक्क सुरकुती पडली. हसले. "बरं, मशीन राहू द्या. त्या कंपनीला मी कळवतो. दुरुस्ती कोणाकडून करून घेतलीत?"

"माझ्या मुलीकडून. फिजिक्सची ग्रॅज्युएट आहे." हे आईने पिशवी काढलेल्या आवाजात सांगितलं. मग माझ्याकडे झुकून, ओठ न हलवता, "पांघरुणाचं तेवढं बोलू नकोस कोणाला."

तेवढ्यात खेळ संपवून काकू आल्या. त्याच. घामाघूम, टॉवेल गळ्यात. बाटली घेतली, उभ्या उभ्या अर्धी संपवली, डोळे मिटले.

"अहो, हे तुमचं का? केवढं छान झालंय आज! माझं असं होतच नाही कधी. मिक्सरला कितीही फिरवलं तरी."

आईने त्यांच्याकडे फार मायेने पाहिलं.

"मिक्सरला?" ती म्हणाली. "अहो, मग आंबट होणारच ना. कढी करत चला त्याची."